समितीसाठी राखलेलं रान

अन्याय झाला तो माझ्या आत्यावर. गेल्या साली, पुनर्वसू नक्षत्र लागलं त्या आठवड्यातल्या गुरुवारी, दुपारी बाराच्या पुढं. जागा तिचंच रान, तिचाच बांध. जीपमधून माणसं उतरली, पाहणी उरकली, बॉनेटवर कागद ठेवून पंचनामा लिहिला आणि धूळ न उडवता निघून गेली, कारण रान ओलं होतं. कागदावर आलं की बियाण्यात दोष आढळून येत नाही, पेरणी सदोष आहे. साध्या मराठीत सांगायचं तर बी चांगलं होतं, बाईलाच पेरता आलं नाही.

हे मी आधीच सांगून टाकते. आमच्याकडे रडगाणं गायची पद्धत अशी आहे की अन्याय सगळ्यात शेवटी सांगतात, आणि तोवर ऐकणारा चहा पिऊन उठून गेलेला असतो.

माझं घर तलवाड्याकडचं. आत्या दिली डोंगरपट्ट्यात, बालाघाटाच्या कडेला, जिथं माती हलकी आणि खाली मुरूम. आम्ही चार-सहा पोरं-पोरी मिळून पत्रकं काढतो. कृषी खात्याची परिपत्रकं, जाहीर सूचना, पंचायतीच्या फलकावर टाचलेले कागद मोडून बोलीत लिहायचे आणि बाजारच्या दिवशी वाटायचे. सूचना म्हणते वेष्टन जतन करावे. वेष्टन म्हणजे पिशवी. सूचना म्हणते खूणचिठ्ठी. खूणचिठ्ठी म्हणजे पिशवीच्या तोंडाशी शिवलेला तो छोटा कागद, ज्याच्यावर लॉट नंबर असतो आणि जो आपण पिशवी उसवताना विळ्यानं कापून बांधावर फेकतो. तो फेकायचा नाही. पक्की पावती घ्यायची, तिच्यावर तोच लॉट नंबर दुकानदाराकडून लिहून घ्यायचा. थोडं बी पिशवीत तसंच ठेवायचं. हे सगळं पीक निघेपर्यंत सांभाळायचं. बस, एवढंच लिहिलेलं असतं त्या पानभर कागदात. आमची पत्रकं जिथं निघतात तो झेरॉक्सवाला चाचा मला म्हणायचा, "बेटी, सरकार जे एका कागदात सांगतं ते तू दोन कागदांत सांगती. माझं दुकान तुझ्यावरच चाललंय."

आत्यानं माझं पत्रक वाचलं होतं. तिनं सगळं पाळलं होतं. हे लक्षात ठेवा, कारण नंतर लोकांनी सांगितलं की अडाणी बाई, तिला काय नियम कळणार.

मामा, म्हणजे आत्याचा नवरा, त्याच्या आदल्या साली दिवाळीनंतर गेला. दुखणं होतं. पोरगी लग्न होऊन लांब गेलेली. सातबाऱ्यावर वारस म्हणून आत्याचं नाव लागलं, पण रान दिराच्या रानाला लागून, मधे नुसता बांध. दिराला वाटलं आता हे आपल्याकडंच येणार, आणि त्यात त्याला काही वावगं वाटत नव्हतं. आमच्याकडं तसंच होतं. बाई खुरपते, वेचते, काढते, मळणीला उभी राहते. पण त्या घरात तिफणीमागं चालून चाड्यावर मूठ धरायची ती गड्यानंच. चाडं म्हणजे तिफणीवरचा लाकडी वाडगा, त्यात मुठीनं बी सोडतात आणि ते नळीतून जमिनीत पडतं. मूठ जास्त सुटली तर दाट, कमी सुटली तर विरळ. सगळी पेरणी त्या मुठीवर.

आत्या म्हणाली, मी धरते.

भावकीतल्या चार म्हाताऱ्यांसमोर दीर म्हणाला, "वहिनी, तुमच्या मनासारखं व्हऊ द्या. एक पेरणी तुमच्या हातची. साधली तर पुढं आमी तोंड उघडणार न्हाई. न्हाई साधली तर पुढच्या सालापासून रान आमी पेरू. तुमाला वाटा देऊच की. उपाशी थोडंच ठिवणार हाय."

चार म्हाताऱ्यांनी माना डोलावल्या. त्यांना हा मोठा न्याय वाटला. जमीन तिची, नाव तिचं, आणि परीक्षा तिची. दिराची परीक्षा कुणी कधी घेतली होती?

मी होते तिथं. दिरालाही मी मामाच म्हणते. मी म्हणाले, "मामा, आत्याला कुणाच्या परवानगीची गरज नाही. सातबारा तिच्या नावावर आहे."

दीर हसला. तो मला लहानपणापासून चिडवत आलाय. "आमच्या घरची सून व्हायचं सोडून कागदं वाटीत हिंडती, आन् मलाच कायदा शिकिवती व्हय." सगळे हसले. आत्याही थोडं हसली. मला तेव्हाच कळायला हवं होतं की ती त्या गल्लीत राहते आणि मी राहत नाही.

मृगाचा पाऊस चांगला झाला. औत भाड्यानं सांगितलं, बैल दुसऱ्याचे, तिफण मामाची. मी मदतीला गेलते. आत्यानं पदर खोचला, बियाची पिशवी उसवली, खूणचिठ्ठी दातानं दोरा तोडून सोडवली आणि मला दिली. "ठिव तुझ्या सरकारला." मी ती पावतीबरोबर प्लास्टिकमध्ये घालून डाळीच्या डब्यात ठेवली. तिनं सोयाबीनची एक ओंजळ पिशवीच्या तळाशी राखली, पिशवीचं तोंड बांधलं. मग दिवसभर ती तिफणीमागं चालली. मूठ चाड्यावर, डोळे तासावर, म्हणजे फाळानं पडलेल्या रेघेवर. औतवाला संध्याकाळी म्हणाला, "मावशी, गड्याच्या बापाला आसं पेरता यायचं न्हाई." त्या संध्याकाळी भाकरी करताना ती गुणगुणत होती.

आठवड्यात सगळ्यांच्या रानात ओळी दिसायला लागल्या. तिच्या रानात नाही. कुठं कुठं एखादं रोप, मग लांबवर काही नाही, मग दोन रोपं. आत्यानं तासात बोट घालून उकरलं. बी जागेवरच होतं. फुगलं होतं, सालपट सुटलं होतं, आत पिवळा चिकटा झाला होता. वास घेतला तर कुजका. म्हणजे मूठ बरोबर पडली होती, हव्या तितक्या खोलीवर, हव्या तितक्या अंतरावर. बी मेलेलं होतं.

दीर बांधावरून म्हणाला, "आं वहिनी, बी पेरलं का खडे?"

आता इथं नियम सांगते. बियाणं उगवलं नाही तर दुकानदाराशी भांडून काही होत नाही. तक्रार लेखी द्यायची, तालुक्याच्या कृषी कार्यालयात. त्यासाठी तालुक्याला एक समिती असते. तीत कृषी खात्याचे अधिकारी असतात, विद्यापीठाचा किंवा संशोधन केंद्राचा माणूस असतो, आणि ज्याच्याविरुद्ध तक्रार त्या बियाणं कंपनीचाही माणूस असतो. समिती रानात येऊन बघते, पंचनामा करते, अहवाल देते. त्या अहवालावर पुढं ग्राहक आयोगात जाता येतं. अहवालात बी सदोष असं आलं तर तुमच्या हातात काहीतरी आहे. पेरणी सदोष असं आलं तर काही नाही.

आत्याला आयोगाशी देणंघेणं नव्हतं. तिला ती एक ओळ पाहिजे होती, बी सदोष. चार म्हाताऱ्यांना वाचून दाखवायला. तेवढ्या ओळीवर तिचं रान तिच्या मुठीत राहणार होतं.

तालुक्याला गेलो. कारकुनानं अर्ज घेतला आणि ट्रेमध्ये टाकला. मी पोच मागितली.

"पोच कशाला? विश्वास न्हाई का?"

आत्या म्हणाली, "विश्वास लई हाय, सायेब. शिक्का तेवढा मारा."

शिक्का मारला. गावाचा कृषी सहायक, तरुण पोरगा, तिथंच होता. स्वभावानं वाईट नाही, हे मला सांगायलाच हवं. त्याच्याकडं कितीतरी गावं होती आणि खिशातला फोन थांबत नव्हता. म्हणाला, समिती लवकरच येईल, तारीख कळवतो, रान मोडू नका.

रान मोडू नका. एवढं सोपं वाक्य मी कधी ऐकलं नव्हतं आणि एवढं अवघडही.

कारण पाऊस कार्यालयाला विचारून पडत नाही. आर्द्रात पुन्हा एक चांगली सर आली, आणि मग उघडीप. जमीन चिखल नाही, कोरडी नाही, औत घालता येतं, बी टाकलं तर धरतं, अशा अवस्थेला वापसा म्हणतात. हलक्या रानात तो दोन-तीन दिवस टिकतो. गेला की गेला. आता मोडून पेरलं तर हंगाम हाताला लागतो, समिती मात्र बघणार काय? आणि समितीची वाट बघितली तर पुरावा राहतो, हंगाम जातो. कुणी केलाय हा नियम? ज्यानं केला त्यानं वापसा हा शब्द ऐकलाय का? मला हे अजून कुणी सांगितलेलं नाही.

मी आत्याच्या ओसरीत बसून सहायकाला फोन लावला. आवाज मोठा केला, आत्याला ऐकू यावं म्हणून.

"सर, समिती कधी?"

"तारीख ठरली की कळवतो. विद्यापीठाचे साहेब आहेत, कंपनीचा माणूस आहे, सगळ्यांची वेळ जुळली पाहिजे."

"इथं वापसा चाललाय. मोडून पेरू का?"

"मोडू नका. मोडलं तर समिती बघणार काय?"

"मग थांबू?"

"थांबा असं मी म्हणत नाही. हंगाम जाईल तुमचा."

"सर, मग करायचं काय?"

त्याच्या मागं गाड्यांचे आवाज येत होते. "असं करा, थोडं रान तपासणीसाठी तसंच ठेवा. बाकीचं पेरून घ्या."

"थोडं म्हणजे किती? कुठलं?"

"ठेवा हो थोडं. साहेबांना दिसलं म्हणजे झालं."

फोन कट. मी पुन्हा लावला तर दुसऱ्या कॉलवर.

आत्या उठली. ती म्हणाली, "रस्त्याच्या कडचं ठिवू. बांधाला लागून एक पट्टा. जीप थांबली की समोरच दिसंल."

मला ते पटलं. मला तेव्हा काही वेगळं माहीत नव्हतं, आणि ज्याला माहीत असायला हवं होतं त्यानं फोन ठेवला होता. पण आत्यानं बांधाकडचा पट्टा निवडला त्याला आणखी एक कारण होतं, आणि ते समजल्याशिवाय पुढचं कळणार नाही.

आमच्याकडं पेरताना मधलं तास कोरं राहू देत नाहीत. औत वळताना चूक झाली, नळी तुंबली, आणि रानाच्या मध्यावर एक ओळ बिनबियाची राहिली, की ती उगवणीला उघडी पडते. मग म्हणतात, ह्या घरातून यंदा माणूस जाणार. शेंबडी पोरंसुद्धा बांधावरून जाताना ते बघतात. मामा गेला त्या साली त्याच्या रानात मधोमध एक कोरं तास निघालं होतं. नळीत ढेकूळ अडकलं होतं, दुसरं काही नाही. पण गल्लीत अजून सांगतात. दिराची बायको तर आत्याच्या तोंडावर सांगते.

मी म्हटलं, "आत्या, तू मानतीस हे?"

"मी न्हाई मानत," ती म्हणाली. "पण लोक मानत्यात ना. मधी पट्टा सोडला तर उद्या दिराच्या पोराला ठेच लागली तरी माझ्या रानाचं नाव निघंल. कावून आपल्या हातानं निमित्त द्यायचं त्यांना?"

बांधाच्या कडेचं कोरं मानत नाहीत. तिथं बैल वळतात, तिथं राहतंच. म्हणून कडेला. ह्यात चुकलं कुठं? रस्त्यावरून दिसणारा पट्टा राखला, गल्लीला बोलायला जागा ठेवली नाही, साहेबाचं ऐकलं. तिच्या जागी असतात तर तुम्ही वेगळं काय केलं असतं?

बाकी रानात कुळवाची पाळी घालून पहिली पेरणी मोडली आणि पुन्हा पेरलं. बी ह्यावेळी शेजारच्या एका म्हातारीकडून घेतलं, घरचं राखलेलं, गोणपाटात भिजवून उगवण बघितलेलं. तोच औतवाला, तीच तिफण, आत्याचीच मूठ. आणि ते उगवलं. असं उगवलं की ओळी आरपार दिसत होत्या. फक्त रस्त्याकडचा तो पट्टा उघडा, त्यात हळूहळू हराळी आणि कुंजरू माजलं. आत्या ते उपटत नव्हती. समितीला जसंच्या तसं दाखवायचं म्हणून.

समिती काही येईना. आज येते, उद्या येते. मी दोनदा तालुक्याला जाऊन आले. आमच्याकडं कपिलधारला धबधबा पडायला लागला म्हणजे पेरण्या उरकून खुरपणीचे दिवस आलेले असतात. धबधबा पडायला लागला, गावातली पोरं मोटारसायकली काढून बघायला जायला लागली, तेव्हा गुरुवारी सकाळी फोन आला. आज येतोय.

सकाळी सांगून दुपारी. गावात कोण सापडणार? बाया-गडी सगळे आपापल्या रानात खुरपायला, पोरं कपिलधारला. औतवाला दुसऱ्या गावाला कोळपणीला गेलेला. मी तेवढी आदल्या दिवशी मुक्कामाला आलते म्हणून होते. आणि दीर होता. त्याला कुणी सांगितलं माहीत नाही, पण तो धुतलेला सदरा घालून, सोबत आपल्या चुलत भावाला घेऊन बांधावर आधीच उभा होता.

कृषी खात्याचे साहेब सहायकाला घेऊन जीपमधून उतरले, रानाकडं बघितलं आणि म्हणाले, "पीक तर छान आहे, मावशी."

आत्या म्हणाली, "ही दुसरी पेरणी हाय, सायेब. पैली हिथं हाय, ह्या पट्ट्यात."

विद्यापीठाचा माणूस पट्ट्यात चार पावलं गेला, बुटानं गवत बाजूला केलं आणि मान हलवली. "हे नाही चालणार. बांधापासून आत जाऊन जागा निवडाव्या लागतात, रानाच्या वेगवेगळ्या भागांत. कडेला बैल वळतात, माती दबते. उगवण कमीच येते इथं. हा पट्टा धरता येणार नाही."

"मग मधलं ठिवायचं व्हतं हे आदी कावून न्हाई सांगितलं?"

"नियमात आहे ते."

"नियम कुठं हाय?"

"परिपत्रकात."

"आन् परिपत्रक?"

साहेब म्हणाले, "कार्यालयात असतं, मावशी."

मी सहायकाकडं बघितलं. तो फोनकडं बघत होता.

आत्या धावत घरी गेली आणि डाळीचा डबाच घेऊन आली. पावती काढली, खूणचिठ्ठी काढली, पिशवी काढली. बांधलेलं तोंड सोडून राखलेली ओंजळ साहेबांच्या समोर धरली. एक दाणा खाली पडला नाही.

कंपनीचा माणूस इस्त्रीचे कपडे घालून आला होता. अगदी गोड बोलत होता. "मावशी, उघड्या पिशवीतलं बी आम्ही धरत नाही. त्यात कुणी काय मिसळलं, आम्हाला काय माहीत? शिवलेली पिशवी असती तर तपासणीला पाठवली असती."

मी म्हणाले, "शिवलेल्या पिशवीतून पेरतात कसं? आणि तुमच्याच दुकानात सूचना लावलीय, थोडं बी राखून ठेवा म्हणून. ते काय लोणचं घालायला?"

"मॅडम, चिडू नका. मावशी, पेरायच्या आधी घरी उगवण तपासली होती का?"

"पिशवीवर तुमीच लिवलंय तपासलेलं हाय म्हणून," आत्या म्हणाली. "मग मी परत कावून तपासू? तुमच्यावर विश्वास ठिवला हीच चूक का?"

तो साहेबांशी बोलायला वळला. समितीचं दुकानात त्याच लॉटची शिवलेली पिशवी मिळते का हे बघायचं ठरलं होतं, ती केव्हाच संपली होती. मृगात विकलेलं बी पुनर्वसूत दुकानात शोधायचं, आणि सापडलं नाही की लिहायचं, नमुना उपलब्ध नाही.

आत्यानं एकच गोष्ट शेवटी पुन्हा पुन्हा सांगितली. "सायेब, ह्या हिरव्या ओळी बघा. तीच तिफण, तीच मूठ, हेच रान. बी तेवढं दुसरं. माझा हात चुकला आसता तर हे बी उगवलं नसतं."

साहेब म्हणाले, "तुमचं म्हणणं कळतंय. पण तक्रार पहिल्या पेरणीची आहे. दुसरी तक्रारीत नाही."

सांगा, ह्याच्यापेक्षा सरळ पुरावा कोणता? रान साक्ष देत होतं, घोट्याच्या वर आलेली साक्ष, आणि ते म्हणाले, ही तक्रारीत नाही.

मग पंच लागले. पंचनाम्याला पंच लागतात, म्हणजे तिथं हजर असलेली, पाहिलेलं खरं आहे असं सही करून सांगणारी माणसं. मी पुढं झाले. सहायक हळूच म्हणाला, "ताई, तुम्ही नात्यातल्या. चालणार नाही."

"आणि हे?" मी दिराकडं बोट केलं. "हे तर सख्खे दीर आहेत."

"ते लगतचे खातेदार म्हणून करतायत."

दीर म्हणाला, "सरकारी काम हाय. आडवू ने." आणि त्यानं सही केली. त्याच्या चुलत भावानं केली. दोघांनाही कागद वाचायची गरज वाटली नाही.

मी साहेबांना म्हणाले, आत्याचं म्हणणं लिहा. दुसरी पेरणी, पट्टा कुणाच्या सांगण्यावरून ठेवला, फोन. तक्रारदाराचं म्हणणं पंचनाम्यात यायलाच पाहिजे आणि पंचनामा वाचून दाखवायला पाहिजे. साहेब म्हणाले, "येईल सगळं. पुढं अजून एक गाव आहे, ढग भरून आलेत." आत्याच्या हातात पेन दिलं. ती चौथी शिकलेली. तिनं सावकाश, एकेक अक्षर लावून नाव लिहिलं. साहेब मोठे, गाडीतून आलेले, येईल म्हणाले, म्हणजे येईल.

पंचनाम्याची प्रत मी अर्ज करून मिळवली. तक्रारदाराचे म्हणणे, ह्या रकान्यात दुसऱ्या शाईनं लिहिलंय, काही नाही. त्याच्याखाली तिची सही.

दिराला मात्र प्रत अर्ज न करता मिळाली. पोळ्याच्या आत त्यानं चार म्हाताऱ्यांना बसवलं आणि वाचून दाखवलं. आवाज चढवला नाही. "मी काय म्हणत न्हाई. सरकारनं लिवलंय. पेरणी सदोष." एका म्हाताऱ्यानं विचारलं, सदोष म्हणजे काय रं? दीर म्हणाला, "हात न्हाई."

दुसऱ्या पेरणीचं पीक निघालं, बरं निघालं. त्याचं कुणी नाव काढलं नाही.

मी आत्याला म्हटलं, आयोगात जाऊ. वरच्या साहेबाकडं लेखी देऊ. मी लिहिते, मी येते प्रत्येक तारखेला. ती तांदूळ निवडत होती. म्हणाली, "पंचनाम्यावर माझीच सही हाय, पोरी. कुणाशी भांडू, माझ्याच नावाशी?" मी चिडले, खूप बोलले. ती ऐकून घेत राहिली. मग म्हणाली, "तू भांड. तुला जमतं. मला ह्याच गल्लीत पाणी भरायचंय."

ह्या मृगात दिरानं ट्रॅक्टर घातला. दोन्ही रानं एका खेपेत पेरली. मधला बांध ट्रॅक्टरला वळायला अडचण म्हणून निम्मा मोडला. मी गेले तेव्हा आत्या दुसऱ्याच्या रानात मजुरीनं खुरपत होती. मला बघून तिनं विचारलं, तुमच्याकडं पाऊस झाला का. झाला, म्हटलं. जेवलीस का, म्हणाली. आम्ही तिच्या रानाच्या कडेनंच घरी आलो, आणि ती पूर्ण वेळ रस्त्याच्या दुसऱ्या बाजूला बघत चालली. तिची तिफण ओसरीत उभी होती. चाड्यात कोंबडीनं अंडी घातली होती. ती काढायलाही तिनं हात लावला नाही.

आता तुमच्याशी बोलते, वाचणाऱ्याशी.

परिपत्रकं वाचा म्हणून मी आजवर पत्रकं वाटली. इथं ते सांगत नाही. आत्यानं वाचलं होतं. सहायकानं थोडं रान ठेवा म्हटलं तर किती, कुठं, कधीपर्यंत हे त्याच्याकडून लिहून घ्या, हेही मी दुसऱ्या पत्रकात लिहिलंय. पण त्या गुरुवारी आत्याच्या रानात कागद कमी पडला नाही. माणूस कमी पडला. तिच्या गावात एवढी घरं, आणि तिच्या बाजूनं सही करायला बांधावर एक जण नव्हता. ज्यांनी तिची पेरणी पाहिली, ज्यांनी तिच्या हिरव्या ओळी पाहिल्या, ते सगळे आपापल्या कामाला गेले होते.

तुमच्याही गावात आज अशी एखादी तक्रार ट्रेमध्ये पडून आहे. कुणाची आहे ते विचारा, आजच विचारा. समिती येईल त्या दिवशी खुरपं बाजूला टाका आणि तिच्या रानात जाऊन उभे राहा. पंच म्हणून तुमचं नाव लिहायला लावा. पंचनामा मोठ्यानं वाचायला लावा. आणि तिचं म्हणणं तिच्या शब्दांत त्या कागदावर आल्याशिवाय सही करू नका, आणि तिलाही करू देऊ नका.